पातेऱ्याचा हिशेब: कोकणात घरामागे सेंद्रिय परसबाग कशी उभी राहते

फाल्गुन लागला की आमच्या गुहागरकडच्या वाड्यांमधून संध्याकाळी निळसर धूर वर चढू लागतो. आंब्याचा, फणसाचा, काजूचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, दाताळ्याने ओढायचा, ढीग करायचा आणि काडी लावायची. अंगण स्वच्छ दिसतं. मग मृगाच्या तोंडावर त्याच घरातलं कोणीतरी तालुक्याच्या बाजारात जातं आणि ‘सेंद्रिय’ असं ठळक छापलेली खताची गोण स्कूटरवर पुढ्यात घालून घरी आणतं. मार्चमध्ये जे जाळलं तेच जूनमध्ये पैसे मोजून आणलं, हे आपल्या लक्षातही येत नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द सध्या सगळीकडे आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली आणि त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद ठरवली. शाळांमध्ये परसबागा होताहेत, बचत गटांतून पोषण परसबागा लावल्या जाताहेत. मोबाइल उघडला की जीवामृत, दशपर्णी अर्क, कोकोपीट, गांडूळखत यांचे व्हिडिओ एकामागून एक येतात. यातले बहुतेक देशावरच्या काळ्या जमिनीसाठी किंवा शहरातल्या गच्चीसाठी केलेले असतात. ते पाहून कोकणातला माणूस कामाला लागतो, पहिल्या वर्षी चवळी पिवळी पडते, कारली आतून किडतात, आणि ‘सेंद्रियबिंद्रिय आपल्याकडे होत नाही’ असं ठरून जातं. होतं. फक्त आपली माती आणि आपला पाऊस आधी समजून घ्यावा लागतो.

सेंद्रिय म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत, जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत शरीरातून आलं, ते सेंद्रिय: पान, लाकूड, शेण, मासळीचं डोकं, भाजीची देठं. सेंद्रिय बागेत झाडाला युरियासारखं तयार अन्न थेट देत नाहीत. आधी मातीतल्या सूक्ष्मजीवांना खायला घालतात, ते जीव खाऊन-पचवून जे मागे ठेवतात त्यावर झाड वाढतं. कारखान्यातली कीटकनाशकं आणि तणनाशकंही वापरत नाहीत. ‘नैसर्गिक शेती’ याच्या एक पाऊल पुढे जाऊन म्हणते की खतही बाहेरून आणू नका, जे लागतं ते शेतातच तयार करा. घरामागच्या चार वाफ्यांसाठी या दोन शब्दांतला फरक काढत बसायची गरज नाही.

बाजारात माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असेल तर प्रमाणपत्राची व्यवस्था लागते. आपल्या देशात २००१ पासून तसा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि त्यात हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ धरतात. घरच्या ताटापुरतं पिकवणाऱ्याला कोणताही कागद लागत नाही. पण त्या दोन वर्षांमागचा विचार ध्यानात ठेवा. मातीची सवय एका पावसाळ्यात बदलत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. तंबाखूचं पाणी फवारणारे अजून भेटतात. तंबाखूतलं निकोटीन हे अतिशय जहाल विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. पानातून निघालं म्हणून ते लेकरांच्या भाजीवर मारायचं, हे मला पटत नाही.

आपली माती: पुन्हापुन्हा उकळलेली चहापूड

चहाचं आधण ठेवा, पूड टाका, गाळा. पहिला चहा लालभडक. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओता, पुन्हा गाळा. पाचव्या-सहाव्या खेपेला नुसतं रंगीत पाणी येतं, दहाव्याला तेही नाही. कोकणच्या मातीचं लाखो वर्षं हेच चाललं आहे. किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पाण्यात विरघळणारं जे जे होतं, म्हणजे चुना, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम, नत्र (नायट्रोजन), ते वहाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेलं. जे विरघळत नाही ते चोथ्यासारखं मागे राहिलं: लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणून आपली माती लाल. आणि म्हणूनच तो आपला जांभा, जो खाणीत करवतीने कापता येतो आणि वाऱ्यावर टणक होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आपल्याकडे घरं त्याच विटेची आहेत, आणि बागही तिच्याच चुऱ्यावर करायची आहे.

या धुऊन निघण्याचे दोन परिणाम परसबागेत दिसतात. पहिला म्हणजे माती आंबट होते. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे सामू. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी पाच ते साडेसहाच्या दरम्यान असतो. सहा आणि पाच यांच्यात फक्त एकाचं अंतर दिसतं, पण या मापात एक अंक खाली म्हणजे आंबटपणा दहापट जास्त. दुसरा परिणाम म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडतं. मुळं आणि फुलं यांना लागणारं हे द्रव्य मातीत असतं, पण लोह त्याला घट्ट धरून ठेवतं. कपाटात दागिने आहेत आणि किल्ली हरवली आहे, अशी ही गरिबी. कुजणाऱ्या पानांतून जी सौम्य आम्लं सुटतात ती ही पकड सैल करतात. म्हणजे किल्ली पुन्हा पातेऱ्यातच आहे.

कुजून काळी झालेली माती आणखी एक काम करते. नारळाचं सोडण पाण्यात टाकलं की ते कसं पाणी शोषून धरतं, तशीच ती पाणी आणि अन्न दोन्ही धरून ठेवते. नुसत्या जांभ्याच्या मातीत टाकलेलं खत म्हणजे चाळणीत ओतलेलं पाणी. मग ते रासायनिक असो की शेणखत, जुलैच्या पहिल्या झडीत निम्मं गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) जातं. म्हणूनच खत कोणतं घालायचं हा कोकणात दुसरा प्रश्न. ते धरून ठेवणारं मातीत काय आहे, हा पहिला.

आंबटपणासाठी घरात दोन औषधं असतात. एक चुलीची राख: एका आळ्याला एक मूठ, वर्षातून दोनदा, पुरे. ती ताज्या शेणाबरोबर एकाच वेळी घालू नका, नाहीतर शेणातलं नत्र अमोनियाच्या वासाने उडून जातं. दुसरं म्हणजे तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या. त्या कुटून मातीत मिसळल्या की वर्षानुवर्षं हळूहळू चुना देत राहतात. भाजलेला चुना घालायचा असेल तर मात्र आधी माती तपासून घ्या, अंदाजाने घालू नका. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे, आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ तर आपल्या दारातच आहे.

पातेरा म्हणजे भात, शेण म्हणजे आमटी

खताच्या व्हिडिओंमध्ये ‘कर्ब-नत्र गुणोत्तर’ असं काहीतरी ऐकू येतं आणि माणूस तिथेच थांबतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. सूक्ष्मजीवांनाही आपल्यासारखं जेवण लागतं. ताकदीला भात, अंग धरायला आमटी. सुकलेली पानं, पेंढा, भुसा, काथ्या हा त्यांचा भात, म्हणजे कर्ब (कार्बन). शेण, ओला पाला, भाजीची देठं, मासळीचं पाणी ही आमटी, म्हणजे नत्र. कर्ब तीस भाग आणि नत्र एक भाग असं पान वाढलं की त्यांचं जेवण उत्तम होतं. घरी तराजू नको. तीन टोपल्या पातेरा आणि एक टोपली ओलं, एवढं धरलं तरी चालतं.

नुसता भात वाढला तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी काथ्याचा भुसा मातीत भरपूर मिसळला, भुसभुशीत झाली म्हणून आनंद झाला, आणि मिरचीची रोपं पंधरा दिवसांत पिवळी पडली. सूक्ष्मजीवांना आमटी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी ती झाडाच्या ताटातून ओढून घेतली. काथ्याच्या भुशात नत्राला शंभरपटीहून जास्त कर्ब असतो. वर पसरायला तो चांगला, पण न कुजवता मातीत मिसळायला वाईट.

ढीग करायची रीत अशी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, याहून लहान नको. लहान ढीग तापत नाही. नीट जमलेला ढीग आत पन्नास-साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणांचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. आंब्याचं आणि फणसाचं पान चिवट असतं. ते कोयत्याने बारीक करून, एक रात्र भिजवून घातलं तर महिना-दीड महिना वाचतो. एक थर पातेरा, त्यावर शेणाचा सडा किंवा ओला पाला, मूठभर जुनी माती, पुन्हा पातेरा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल इतकीच ओल. दर पंधरा-वीस दिवसांनी उलथायचं. वास यायला लागला तर हवा कमी आहे, सुका पातेरा घाला. ढीग थंड आणि कोरडा पडला तर आमटी कमी आहे. सहा-आठ महिन्यांनी हातात घेतल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की खत झालं. पावसाळ्यात ढिगावर झाप (विणलेल्या माडाच्या झावळ्या) किंवा प्लास्टिक हवंच, नाहीतर त्या चार महिन्यांत आपण पुन्हा चहाच करत बसतो.

गोठा नाही, शेण कुठून आणू, असा प्रश्न लगेच येतो. आता निम्म्या घरांत जनावर नाही, हे खरं आहे. त्यावर माझं उत्तर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड. वईला त्याच्या काठ्या रोवल्या की पावसात फुटतात. त्याच्या वाळलेल्या पाल्यात साधारण तीन टक्के नत्र असतं, आणि वर्षातून दोन-तीनदा छाटला तरी तो पुन्हा येतो. कुंपणाचं कुंपण, आमटीची आमटी. शिवाय मासळी धुतलेलं पाणी आहे. आमच्याकडच्या बायका ते कधी वाया घालवत नव्हत्या, माडाच्या नाहीतर मिरचीच्या मुळात जायचं. मासळीची डोकी आणि आतडी मात्र फूटभर खोल पुरा, वर ठेवलीत तर मांजरं आणि कुत्री वाफा उकरतात. खारवलेल्या सुक्या मासळीचा कचरा भाजीला नको, त्यातलं मीठ मातीत साठतं.

चवळी, वाल, कुळीथ, मूग ही पिकं तर स्वतःच आमटी शिजवतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पकडतात. एखादं रोप उपटून गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. शेंगा संपल्यावर वेल उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या.

आणि जीवामृत? ते विदर्भातल्या सुभाष पाळेकरांमुळे घरोघरी पोचलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. परसबागेला याचा दहावा भागही पुष्कळ. पण ते खत नव्हे, विरजण आहे. दूध असेल तर चमचाभर विरजणाने दही लागतं. रिकाम्या पातेल्यात विरजण घालून काही होत नाही. उघड्या तांबड्या मातीवर जीवामृत ओतणारे बरेच जण नेमके तिथेच चुकतात. आधी पातेरा पसरा, मग ओता.

‘पण पातेऱ्यात जनावर येतं’

जनावर म्हणजे साप, आणि ही भीती खोटी नाही. पातेरा जाळण्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. फुरसं जांभ्याच्या दगडांत आणि सुक्या पानांत बसतं, रंगाने त्यातच मिसळतं. विंचूही तिथेच.

म्हणून ढीग घराला लागून नको. मागल्या दारापासून वीस-पंचवीस फूट लांब, उन्हाच्या जागी, बांबूच्या किंवा जाळीच्या चौकटीत बंदिस्त. पसरलेल्या विस्कळीत पातेऱ्यापेक्षा ओला, तापलेला, वरचेवर उलथला जाणारा ढीग सापाला कमी आवडतो. त्याला शांत आणि कोरडी जागा हवी असते. वाफ्यावरचं आच्छादन तीन-चार बोटं जाड आणि बारीक केलेलं ठेवा, गुडघाभर नको. हात घालण्याआधी दाताळ्याने हलवा, पायात बूट, संध्याकाळनंतर विजेरी. लहान मुलांना ढिगाजवळ खेळू देऊ नका. आणि दंश झालाच तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी रुग्णालय.

दुसरी तक्रार माडवाल्यांची: ढिगात गेंड्या भुंगा होतो आणि तो माडाचा कोंब खातो. हेही खरं आहे. त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या शेणखतात वाढतात. महिनोन्‌महिने न हलवलेला उकिरडा हे त्यांचं घर. ढीग उलथताना सापडतील त्या अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाका, त्या वाटच पाहत असतात.

तिसरं म्हणणं ज्येष्ठांचं: वाडवडील भाजावळ करत होते, ते काय चुकीचे होते? नव्हते. राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायचा तो तरव्यापुरत्या, भाताची रोपं वाढवायच्या छोट्या तुकड्यावर. त्याने तणाचं बी मरायचं आणि भाताच्या रोपाला राख मिळायची. सगळ्या परसाचा पातेरा जाळणं ही वेगळी गोष्ट. जळताना नत्र धुरातून निघून जातं, उरलेल्या राखेतला पालाश पहिल्या दोन पावसांत वाहून जातो, आणि मातीवरचं पांघरूण जातं ते वेगळंच.

पावसात उंच, थंडीत खोल

पुस्तकातले वाफे बारा महिने सारखेच दिसतात. आपल्याकडे तसं चालत नाही. मृगाला जे लावायचं ते उंचावर: फूटभर उंच गादीवाफे, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल इतके म्हणजे तीन-चार फूट रुंद, मध्ये पाणी जायला पाट. कडेला चिरे किंवा माडाची ओंडकी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळच असेल तर चिऱ्यांची दीड फूट उंच चौकट रचून तिच्यात पातेरा आणि माती थराथराने भरायची. दोन पावसाळ्यांत तो पातेरा बसून माती होते. भात कापून झाला, वारा फिरला की उलटं करायचं. थंडीचे आणि उन्हाळ्याचे वाफे सपाट किंवा किंचित खोल, म्हणजे शिंपलेलं पाणी तिथेच मुरतं.

पावसाळा वेलांचा. मांडव घाला आणि कारली, पडवळ, शिराळी, तवसं (मोठी काकडी), दुधी चढवा. दापोली विद्यापीठाच्या ‘कोकण तारा’ कारल्याची आणि ‘कोकण हरिता’ शिराळ्याची जात आपल्या हवेसाठीच निवडलेली आहे. अशा सुधारित वाणांचं बी पुढच्या वर्षी राखेत घोळवून ठेवता येतं. संकरित बियाण्याच्या पाकिटातल्या बीचं मात्र पुढच्या वर्षी काय येईल याचा भरवसा नसतो. खालच्या सावलीत हळद, आलं, अळू, सुरण. ऑक्टोबरनंतर लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, कोथिंबीर, वाल. मार्चपासून चवळी, भेंडी, आणि वर झापांची पातळ सावली. मायाळू, शेवगा, कढीपत्ता, गवती चहा, केळ, पपई आणि एखादं बिंबल यांना एकदाच जागा द्यायची. पावसात कोवळी पालेभाजी हट्टाने लावू नका, सडते. निसर्ग त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी फुकट देतो. ओळखणारं माणूस घरात असेल तोवर शिकून घ्या.

पाणी: पागोळी आणि मोरी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या घराचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर पावणेतीन लाख लिटरांहून जास्त पाणी पागोळ्यांतून गळतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ अठ्ठावीस टँकर. आणि एप्रिलमध्ये त्याच घरापुढे टँकर येतो. सगळं साठवणं शक्य नाही, पण विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणून त्यात पातेरा भरला तर जमीन बरंच पिते.

शंभर चौरस फूट भाजीला कडक उन्हात रोज चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी लागतं. म्हणजे तीन कळशा. आच्छादन असेल तर दिवसाआड भागतं. मोरीचं पाणी आहेच. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावायची आजीची पद्धत हा शुद्ध विचार होता. पाणी मुरतं, डास होत नाहीत, भाजी मिळते. भांड्यांचं सौम्य साबणाचं पाणी तिथे चालेल. कपड्यांच्या पावडरीचं नको, त्यातला सोडा मातीची घडण बिघडवतो. आणि कच्चं खायच्या भाजीवर यातलं कोणतंच पाणी नको. समुद्रालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. तेव्हा भाजीपेक्षा माडाला पाणी द्या, त्याला खार सोसतो.

कारली आतून का किडतात?

फळमाशी. मादी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते, अळ्या आतून खातात, कारलं वाकडं होऊन अवेळी पिवळं पडतं. यावर गंधसापळा लावतात. त्यातला वास नरांना ओढतो, नर कमी झाले की प्रजा कमी होते. आता यातली खरी मेख. आंब्याची फळमाशी वेगळी आणि वेलांची वेगळी. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, कारली-काकडीच्या माशीला क्यू-ल्युर. डबे दिसायला सारखेच. मी एक हंगामभर आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगून ठेवला होता. डबा माश्यांनी भरत होता आणि कारली तशीच किडत होती. घेताना नाव वाचून घ्या.

सापळ्याच्या जोडीला दोन साधी कामं. किडलेलं फळ खाली पडू देऊ नका. ते ढिगात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. आणि कारलं बोटाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी चढवा. दहा-वीस कारल्यांच्या मांडवाला याहून खात्रीचा उपाय नाही.

माव्यासाठी (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांसाठी) निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण. आपल्याकडे कडुनिंब फारसा नाही, तेव्हा लिटरला पाच मिली निमतेल घ्या. चवळीवर मावा दिसल्या दिवशी फवारू नका. चार दिवस थांबा, ढालकिडे येतात आणि त्यांची काळी काटेरी अळी मावा भराभर खाते. पावसातल्या गोगलगाईंसाठी संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट टाका, सकाळी उचललं की सगळ्या खाली सापडतात.

फवारणी कधी करायची, हेही फुलांना विचारून. काकडी, कारली, भोपळा सकाळी फुलतात, तेव्हा मधमाश्या असतात. दुधी आणि शिराळं संध्याकाळी फुलतं. मिश्र मांडवावर दुपार टळल्यावर पण फुलं उमलण्याआधी मारा. दुधीची कळी गळत असेल तर रोग समजू नका, बहुधा परागकण पोचत नाहीत. ज्या फुलामागे छोटा दुधी दिसतो ती मादी. संध्याकाळी नराचं फूल तोडून तिच्या तोंडाला हलकेच लावा.

‘माकडं काही ठेवतच नाहीत’

यावर पूर्ण उपाय माझ्याकडे नाही आणि कोणी आहे म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. पण काय कुठे लावायचं, हे आपल्या हातात आहे. हळद, आलं, सुरण, अळू, मिरची, कारली, कढीपत्ता, गवती चहा यांकडे वानर सहसा वळत नाहीत. ही मंडळी कडेला. तवसं, भोपळा, पपई, केळ दारासमोर, जिथे दिवसभर माणसाची चाहूल असते. बंदरावर जुनी मासेमारीची जाळी मिळते. ती ताणून न बांधता सैल सोडली की वानराला तिच्यावर चढता येत नाही. मात्र जाळं रोज पाहा, त्यात साप आणि पक्षी अडकतात.

एवढ्याशा जागेत घर भागतं का?

पूर्ण नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं हवीत. चौघांच्या घराला म्हणजे दिवसाला एक किलो सहाशे ग्रॅम भाजी. दोनशे-तीनशे चौरस फुटांतून बारा महिने एवढं निघणार नाही. कांदे-बटाटे बाजारातूनच आणा. परसात ते लावा जे तोडल्यावर तासाभरात मलूल होतं किंवा ज्यावर बाजारात फवारा जास्त बसतो: पालेभाजी, मिरची, भेंडी, कोथिंबीर, कोवळ्या शेंगा. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतो. एकाच दिवशी सगळं बी न पेरता दर आठवड्याला हातभर पेरलं तर थंडीभर पुरतो.

पहिल्या वर्षी पीक कमीच येईल. आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यानंतर माती बोटाने उकरता येऊ लागली आणि गांडुळं न सोडता आली. त्या वर्षी अळू इतकं झालं की गडग्यापलीकडच्या काकूंना एक दिवसाआड जुडी जायची. या फाल्गुनात काकूंच्या परसातून धूर आला नाही. त्यांनी पातेरा पोत्यांत भरून गडग्यावर ठेवला आणि हाक मारली, ‘ने रे, नाहीतरी तुझंच अळू खाते मी.’ सात पोती निघाली. आता जुना ढीग उपसून जागा करतो आहे.